सिंहस्थ २०१५ ला विचर ३, सिंहस्थ २०२७ ला विचर ४? आशा, भीती, शंका सगळं इथेच ओता

गंगापूररोडचा_गेराल्ट

नाशिककरांनो एक गंमत बघा. विचर ३ हा व्हिडिओ गेम (विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा) आला १९ मे २०१५ ला, तेव्हा आपल्याकडे सिंहस्थाची तयारी चालू होती आणि जिकडे तिकडे रस्ते खणलेले. आता पुढचा सिंहस्थ २०२७ चा, रस्ते परत खणलेले, आणि विचर ४ पण त्याच सुमारास उगवेल अशी चिन्हं आहेत. तो बनवणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने मार्च २०२५ मध्येच सांगून टाकलं की २०२६ संपायच्या आत तर नाहीच. तोवर एकटं कुढत बसण्यापेक्षा म्हटलं धागा काढू.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. डिसेंबर २०२४ च्या गेम अवॉर्ड्समध्ये ट्रेलर आला, यावेळी हिरो आधीचा विचर गेराल्ट नाही तर त्याने लेकीसारखी वाढवलेली सिरी, गेम ज्यावर बनतो ते स्वतःचं रेडइंजिन सोडून एपिक कंपनीच्या अनरिअल इंजिन ५ वर बनवतायत, चारशेच्या वर माणसं कामाला लावलीत, आणि हा एकच गेम नाही, तीन गेमची नवी मालिका आहे. पहिला आला की पुढचे दोन सहा वर्षांत काढायचा बेत आहे म्हणे. एक गेम काढायला बारा वर्षं आणि पुढचे दोन सहा वर्षांत, हे गणित मला झेपत नाही बुवा.

माझी भीती एकच. ग्राफिक्स भारी असणारच, ते सोडा. मला साईड क्वेस्टची, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या छोट्या कामांची, काळजी आहे. विचर ३ मध्ये कुठल्यातरी फाटक्या गावाच्या नोटीस बोर्डवरची चिठ्ठी उचलायची, वाटायचं चला एक भूत मारू आणि पैसे घेऊ, आणि थोड्या वेळाने आपण डोकं धरून बसलोय की आता यातलं कोण बरोबर. तेवढं टिकलं तर बाकी बग बिग मी सोसेन. बोला.

फ्रेमड्रॉप_नाशिकरोड

"बग बिग सोसेन" म्हणणारे तुझ्यासारखे आहेत म्हणून तर कंपन्यांचं फावतं भावा.

यांचाच सायबरपंक गेम विसरला का सगळे? १० डिसेंबर २०२० ला आला आणि आठवड्याभरात सोनीने स्वतःच्या स्टोअरवरून उचलून बाहेर ठेवला, वर लोकांना पैसे परत. जून २०२१ ला परत घेतला. एवढ्या मोठ्या गेमच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. आणि कारण काय, तर तेवढं दाटीवाटीचं शहर पीएस४ च्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून वेळेत लोडच होईना. गाडी जोरात चालवली की पुढचा रस्ता मागाहून यायचा. हे ऑफिसमध्ये कुणाला दिसलं नसेल असं मला वाटत नाही, दिसलं आणि तरी तारीख पाळली, दुखणं तिथे आहे.

मान्य, नंतर सुधारला. सप्टेंबर २०२३ चा २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा जोडभाग म्हणजे जवळपास नवीन गेम. पण त्यासाठी पावणेतीन वर्षं लागली. पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्याने काय पाप केलं होतं?

पाथर्डीफाटा_पॅलाडिन

काय भो एकदम रडायलाच बसले सगळे 😂

मला इंजिनचं टेन्शन आहे खरं. घरची म्हैस विकून डेअरीचं दूध लावल्यासारखं झालं हे. विचर ३ चं रेडइंजिन कसंही असो त्यांचं होतं, त्यातल्या व्हेलन प्रांताचा तो चिखल तो वारा ती झाडं हलायची ते दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नव्हतं, आता अनरिअल ५ वरचे गेम बघा सगळ्यांचे दगड सारखे सगळ्यांचा उजेड सारखा आणि वरून पीसीवर दर दोन मिनिटांनी झटका, तलवार उगारली की गेम अडकतो आणि सुटतो तेव्हा आपण मेलेलो.

काका_२००७

पॅलाडिन, म्हैस त्यांनी नंतर घेतली. आधी डेअरीचंच दूध होतं.

पहिला विचर २००७ चा, तो बायोवेअरच्या ऑरोरा इंजिनवर आहे. उसन्या इंजिनवर. स्वतःचं रेडइंजिन आलं २०११ ला, विचर २ बरोबर. त्याच्याही आधी ही कंपनी गेम बनवतच नव्हती, १९९४ पासून बाहेरच्या गेमच्या सीड्या पोलंडमध्ये आणून विकायची, १९९९ ला बाल्डर्स गेट पोलिश भाषेत करून विकला तेव्हा त्यांची गाडी रुळावर आली. तेव्हा इंजिन कुणाचं यावरून आत्मा ठरत नाही. मी पहिला विचर खेळलोय, चालताना गेराल्ट कुबड्या दिसायचा, गावात चारच चेहरे आलटून पालटून, दार उघडलं की लोडिंग. तरी रात्री तीन तीनपर्यंत जागायचो.

शिवाय स्वतःचं इंजिन सांभाळायचं म्हणजे प्रत्येक नव्या पोराला आधी सहा महिने तेच शिकवायचं. अनरिअल येणारी पोरं बाहेर तयार मिळतात. तीन गेम काढायचेत तर हा हिशोब बरोबर आहे.

फ्रेमड्रॉप_नाशिकरोड

काका हिशोब बरोबर, पण पॅलाडिन म्हणतो तो झटका खरा आहे, जरा सांगतो कारण लोक सगळ्याचं खापर ग्राफिक्स कार्डवर फोडतात.

झटके दोन प्रकारचे. एक शेडरचा. प्रत्येक नवीन इफेक्ट पहिल्यांदा दिसला की त्याचा कोड तुमच्या कार्डसाठी त्याच क्षणी तयार करावा लागतो, आधी करून ठेवला नसेल तर गेम तेवढा वेळ थांबतो. कन्सोलवर सगळ्यांचं हार्डवेअर एकच असल्यामुळे तो तयार करून पाठवता येतो, पीसीवर प्रत्येकाचं वेगळं. म्हणून काही गेम सुरू होताना "शेडर तयार होत आहेत" म्हणून बसवून ठेवतात, त्याला शिव्या घालू नका, ते चांगलं आहे. दुसरा झटका चालण्याचा. ओपन वर्ल्डमध्ये पुढे गेलं की पुढचा तुकडा आत ओढायचा आणि मागचा सोडायचा, त्यात प्रोसेसर गुदमरतो. याला कार्ड बदलून काही होत नाही, चार लाखाचा पीसी असू दे.

आता चांगली बातमी. जून २०२५ ला एपिकच्या कार्यक्रमात त्यांनी विचर ४ चा टेक डेमो दाखवला, साध्या पीएस५ वर, सेकंदाला ६० फ्रेम, रे ट्रेसिंग (उजेडाचा खराखुरा हिशोब) चालू. सिरी घोडीवरून कोविरच्या डोंगरातून येते, वाल्ड्रेस्ट नावाच्या बंदरात शिरते, बाजारात शेकडो माणसं. आणि हा चालण्याचा झटका घालवण्यासाठी सीडी प्रोजेक्ट आणि एपिक दोघं मिळून इंजिनमध्येच काम करतायत, ते अनरिअल ५.६ मध्ये सगळ्यांनाच मिळालं. म्हणजे डेअरीवाल्याकडे जाऊन यांनी गोठा पण दुरुस्त केला.

वाईट बातमी अशी की त्यांनी स्वतःच सांगितलं हा टेक डेमो आहे, गेम नाही. आणि एक्सबॉक्स सिरीज एस वर ६० फ्रेम काढणं फार अवघड जाईल हेही त्यांच्याच माणसाने कबूल केलं.

अंबड_नाईटशिफ्ट

सिरीज एस वाला आहे मी 🙏 ३० पण चालतील पण स्थिर द्या, २२ आणि ४१ मध्ये नाचू नका.

गंगापूररोडचा_गेराल्ट

डेमोवर विश्वास ठेवायचा नाही हे तर विचर ३ नेच शिकवलं. २०१३ चा ट्रेलर आणि २०१५ चा गेम शेजारी ठेवून लोकांनी केवढा दंगा केला होता, शेवटी कंपनीला समोर येऊन बोलावं लागलं. तरी गेम हातात आल्यावर महिन्याभरात कुणाला आठवत नव्हतं. का? क्वेस्टमुळे. मी परत तिथेच येतोय.

सातपूर_सोलो

मला एवढंच विचारायचंय की गेराल्ट काढून बाईला हिरो करायची गरज काय होती, सगळीकडे हेच चाललंय आजकाल. वर चेहरा पण बदललाय.

तर्री_वेगळी

आला का हा मुद्दा, मी वाटच बघत होते.

दादा तुम्ही विचर ३ खेळलात ना? पूर्ण गेम कुणाच्या मागे पळत होता तुम्ही? सिरीच्या. मधे मधे सिरी म्हणून खेळलात पण, आणि त्या भागात डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शत्रूच्या मागे जाऊन उभी राहायची तेव्हा मजा आली होती की नाही? गेराल्टची गोष्ट विचर ३ च्या ब्लड अँड वाईन या जोडभागाला संपली, २०१६ ला, तुसाँला स्वतःची द्राक्षाची बाग घेऊन बसलाय माणूस. आपल्या नाशिककराला तर याहून चांगली रिटायरमेंट सुचणारही नाही. राहू द्या त्याला. आणि गेराल्ट या गेममध्ये आहे, त्याला आवाज देणाऱ्या डग कॉकलनेच सांगितलंय, फक्त गोष्ट त्याच्याभोवती फिरणार नाही.

चेहऱ्याचं म्हणाल तर ती आता मोठी झालीये. माणसं मोठी होतात.

माझी काळजी वेगळीच आहे. सिरीच्या अंगात इतकी ताकद होती की ती एका जगातून दुसऱ्या जगात ये-जा करायची. आता ती विचर झालीये, ट्रेलरमध्ये काढा पिते, डोळे मांजरीसारखे, गळ्यात लिंक्सचं पदक, म्हणजे गवताची परीक्षा (माणसाचा विचर करणारा जीवघेणा विधी) झालेली आहे आणि ते त्यांनी कन्फर्म पण केलंय. मूळ गोष्टीत तिचं विचरचं ट्रेनिंग केर मॉरहेनला, विचरांच्या गडावर, झालं पण ती परीक्षा झाली नव्हती, मोठ्या वयात ती कोण कशाला देईल? याचं उत्तर आमच्याकडे आहे असं कंपनीवाले म्हणतात. ते उत्तर जर पाच मिनिटांच्या कटसीनमध्ये उरकलं ना, तर मी जाम चिडणार. आणि तिची जुनी ताकद "काहीतरी झालं आणि गेली" एवढ्यावर भागवलं तर अजून चिडणार.

सातपूर_सोलो

ठीके ताई मुद्दा पटला अर्धा. द्राक्षाची बाग म्हणालात तर अवकाळीत त्याचं काय होतं ते पण दाखवा म्हणावं 😄

तर्री_वेगळी

अर्धा तर अर्धा 😄

पाथर्डीफाटा_पॅलाडिन

माझ्या सिरीला मी महाराणी केलं होतं त्याचं काय?? शेवट तीन होते, विचर, महाराणी, आणि ती परतच येत नाही तो. ज्याने तिला तिच्या बापाकडे, सम्राट एम्हिरकडे नेलं आणि बाकीचं नीट वागला त्याला महाराणी मिळायची, आता ट्रेलरमध्ये डायरेक्ट विचर. म्हणजे माझा एवढा जागून काढलेला गेम रद्द? का राजीनामा देऊन आली?

काका_२००७

विचर ३ मध्येही हा पेच होता. विचर २ ची सेव्ह फाईल नसेल तर विझिमाच्या राजवाड्यात गेराल्टची दाढी करता करता तो नीलफगार्डचा अधिकारी प्रश्न विचारतो, मागे काय काय केलंस, आणि तुम्ही द्याल त्या उत्तरांवर पुढचं ठरतं. किती हुशारीने केलं होतं! हिशोब घेतला पण गोष्टीत बसवून. तसं काहीतरी इथे करावं. महाराणी झाली होती पण गादी सोडली, असं एका संवादात आलं तरी मला पुरे.

आणि विचर २ आठवा. त्यातल्या पहिल्या प्रकरणाच्या शेवटी राजाचा माणूस रोश याच्याबरोबर जायचं की बंडखोर एल्फ योर्वेथबरोबर, यावर पूर्ण दुसरं प्रकरण वेगळं. वेगळं गाव, वेगळी माणसं, वेगळ्या क्वेस्ट. निम्मा गेम लोकांनी पाहिलाच नाही आणि तरी त्यांनी तो बनवला. आज एवढा पैसा लागतो त्यात कुठली कंपनी निम्म्या लोकांना न दिसणारी गोष्ट बनवेल? मला खरी भीती ही आहे, गेराल्टभाऊ, तुमच्या साईड क्वेस्टच्या भीतीची मोठी बहीण म्हणा.

पहिल्या विचरमध्ये अजून एक युक्ती होती. सुरुवातीला नदीकाठी एका व्यापाऱ्याचा माल राखायचं काम, तिथे एल्फ येतात आणि म्हणतात हा माल आमचा, घेऊन जाऊ का. नेऊ दिला तर त्या क्षणी काही होत नाही. पार पुढच्या भागात, तासन् तास खेळून झाल्यावर कळतं की त्याच मालातल्या बाणांनी एक माणूस मेला आणि तो तुम्हाला हवा होता. आता कुठली सेव्ह लोड करणार? हे मुद्दाम केलं होतं, लोकांनी लगेच मागे जाऊन निर्णय बदलू नये म्हणून. हे ज्याला जमलं त्याला अनरिअलची ती बारीक तपशिलाची नॅनाइटची झाडं नसली तरी चालतात.

गंगापूररोडचा_गेराल्ट

काका शंभर टक्के. हेच, हेच म्हणायचं होतं मला.

मुंजा_पिंपळावरचा

उशिरा आलो, गावाला होतो निफाडला.

मला विचर जवळचा वाटतो त्याचं कारण कोणी अजून बोललं नाही म्हणून लिहितो. लोक म्हणतात पोलंडचा गेम, युरोपातली भुतं, आपल्याला काय. अहो व्हाईट ऑर्चर्डमधली पहिलीच मोठी कॉन्ट्रॅक्ट आठवा, ओसाड पडलेलं गाव, विहीर, आणि भर दुपारी उन्हात विहिरीपाशी फिरणारी बाई. लोकांनी मारून विहिरीत टाकलेली. तिची वस्तू विहिरीतून काढून हाडांबरोबर जाळायची तेव्हा ती सुटते. माझ्या आजीने मला भर दुपारी बाराला विहिरीकडे जायचं नाही असं बजावलेलं, तिथे आसरा असतात, कुंकू लावलेले सात दगड मी स्वतः पाहिलेत. मी तो क्वेस्ट खेळताना दिवसा खेळत होतो आणि तरी मागे वळून बघितलं.

आणि व्हेलनचा सरदार बॅरन, त्याचं ते न जगलेलं मूल. त्याला मारायचं किंवा त्याला नाव देऊन उंबऱ्याखाली पुरायचं म्हणजे ते घराचं राखण करतं. बॅरन ते मूल हातात घेऊन पावसात चालतो आणि नाव ठेवतो. बारसं आहे हो ते, मेलेल्या लेकराचं. हे लिहिणाऱ्याने गावाकडच्या म्हाताऱ्यांचं ऐकलेलं असणार, मीटिंग रूममध्ये बसून हे सुचत नाही.

नवीन ट्रेलर पण त्याच जातीचा. गाव रिवाजाने एक पोरगी राक्षसाला देतं, सिरी तिला परत पाठवते, राक्षसाला मारते, गावात येऊन बघते तर पोरगी गावानेच मारलेली. मला ते बघून परीकथा वाटली नाही. आपल्याकडे नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ ला आला, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर. म्हणजे राक्षस मारला की काम झालं असं नसतं हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तर माझी आशा एवढीच की अख्खा गेम त्या ट्रेलरसारखा असावा. भीती ही की ट्रेलरमध्येच सगळं संपेल आणि गेममध्ये नकाशावर चारशे प्रश्नचिन्हं असतील, विचर ३ मधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रातल्या पेट्यांसारखी.

फ्रेमड्रॉप_नाशिकरोड

स्केलिगेच्या पेट्या 😭 होडी, पेटी, होडी, पेटी, वरून त्या उडणाऱ्या राक्षसिणी.

मुंजा भाऊ पोस्ट एक नंबर.

अंबड_नाईटशिफ्ट

माझी आशा वेगळीच. शिफ्ट करून आल्यावर दीड तास मिळतो, पोरगी उठायच्या आत. त्यात एक क्वेस्ट सुरू होऊन संपली पाहिजे. मोठा मॅप, दोनशे तास वगैरे ऐकलं की पोटात गोळा येतो. विचर ३ मी अजून संपवतोच आहे हळूहळू. छोटा करा म्हणत नाही, पण लांबवायचं म्हणून लांबवू नका.

पाथर्डीफाटा_पॅलाडिन

आणि ग्वेंट, तो पत्त्यांचा खेळ, पाहिजे भो. जग वाचवायचं राहू दे बाजूला, आधी खानावळवाल्याशी एक डाव. पोरगी हरवलीये, गेराल्ट पत्ते कुटतोय, तीच खरी मजा होती.

खर्चाचं कोणी बोललं नाही. रॅमचे भाव बघितले का कोणी, २०२५ च्या शेवटापासून एआयच्या सर्व्हरवाल्यांनी सगळी रॅम उचलली आणि आपल्याला राहिलं गाजर. एका दुकानदाराने मला जुनाच स्टॉक नव्या भावात दाखवला, वर म्हणतो उद्या अजून वाढेल. पीसी आत्ता बांधू का थांबू?

फ्रेमड्रॉप_नाशिकरोड

थांब. गेमची तारीख नाही, सिस्टिम रिक्वायरमेंट नाही, आणि तू आत्ता कार्ड घेऊन ठेवणार? तेव्हा तेच कार्ड जुनं झालेलं असेल. एसएसडी मात्र लागणारच हे धरून चाल, हार्ड डिस्कचे दिवस गेले. बाकी लागेल तेव्हा घे.

आणि प्रीऑर्डर कोणी करू नका. डाउनलोडचा गेम आहे, संपत नसतो तो. आल्यावर चार दिवस थांबा, कन्सोलवरचे व्हिडिओ बघा, मग घ्या. सायबरपंकच्या वेळी रिव्ह्यूवाल्यांना आधी फक्त पीसीची कॉपी दिली होती, लक्षात ठेवा.

तर्री_वेगळी

मी करणार प्रीऑर्डर. शिव्या घाला.

काका_२००७

ताई, मीही करणार, पण जीओजी या ऑनलाइन दुकानावर. डीआरएमचं (कॉपी रोखणाऱ्या कुलपाचं) झंझट नाही, फाईल आपली.

फ्रेमड्रॉप_नाशिकरोड

सुधारणार नाही तुम्ही लोक.

नवीन_मेंबर_पंचवटी

अरे काय हे, स्पॉयलर लिहिताना आधी सांगा ना! सेलमध्ये विचर ३ घेतला, पहिल्यांदा खेळतोय, आत्ताच बॅरनकडे पोहोचलोय आणि इथे मुलाचं सगळं लिहून ठेवलंय. आता टेकडीखालच्या झाडातल्या त्या आत्म्यापाशी उभा आहे, सोडू का मारू विचारायला इथे आलो होतो. कोणीतरी नीट सांगा.

मुंजा_पिंपळावरचा

सॉरी भावा, चूक आमची. सोड त्याला, पोरं वाचतात.

काका_२००७

अजिबात सोडू नकोस. गावाचा विचार कर.

तर्री_वेगळी

बॅरनच्या बायकोचा विचार कोणीच करू नका तुम्ही.

नवीन_मेंबर_पंचवटी

अहो एक काय ते सांगा ना

गंगापूररोडचा_गेराल्ट

सेव्ह कर, धागा बंद कर, तुझं तू ठरव. मग ये, भांडू.